मुंबईकडे, पण जरा तिरका

खिशातला मोबाइल आधी फडताळात टाका. इथं त्याला रेंज नाही, आणि पुढची अकरा वर्षं देशात कुठंच नसणार आहे. आज शनिवार, 19 मे 1984. अलिबागच्या दक्षिणेला आठेक किलोमीटरवरचं नागाव. तुम्ही उभे आहात ते एका वाडीतल्या कौलारू घराच्या अंगणात. मागे माड आणि सुपाऱ्या, त्यांच्यापलीकडे सुरूची झाडं, आणि सुरूच्या आडून ऐकू येणारा समुद्र. सकाळचे नऊच वाजलेत, पण सारवलेलं अंगण आत्ताच पायाला चटके देतंय. जिल्ह्याचं नाव कुलाब्याचं रायगड होऊन तीन वर्षं झाली, तरी पत्र सांगताना आजी अजून ‘जिल्हा कुलाबा’च लिहायला लावते.

‘‘पाहुणे, वेळेवर आलात,’’ दादा म्हणतात. ‘‘पाइप उभा करायला एक माणूस कमीच पडत होता.’’

तुम्ही कोण, कुणाचे कोण, हे कुणी विचारत नाही. मे महिन्यात अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या या किनारपट्टीत, मुंबईकडून आलेल्या पाहुण्याची चौकशी जेवणाच्या पानावर होते. तोवर त्याच्या हाताला काम मिळालेलं असतं.

आजचं काम अँटेना बसवायचं. टीव्ही कालच आलाय. ओटीच्या कोपऱ्यात तांदळाच्या पेटीवर तो बसलाय: वीस इंची, काळा-पांढरा, लाकडी खोक्याला पुढून सरकती दारं. रंगीत प्रक्षेपण दोन वर्षांपूर्वी सुरू झालं, पण रंगीत सेटची किंमत ऐकून दादांनी तो विषय दुकानातच सोडला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून टॅक्सीनं भाऊचा धक्का, धक्क्यावरून लाँचनं रेवस आणि रेवसहून एस.टी., असा त्याचा प्रवास झालाय. एस.टी.त टीव्ही सीटवर आणि दादा उभे. वहिनींनी त्यावर क्रोशाचं झाकण घातलंय. टपाल कचेरीतून परवानाही काढून झालाय. पुढच्या वर्षी टीव्हीचा परवानाच रद्द होणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. बोलू नका. दादा पैसे परत मागायला जातील.

मेकॅनिक अलिबागहून सायकलनं येतो. तिशीचा, बुटका, बोलायला कमी. अलिबागला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही त्यानं रेडिओवरूनच शिकून घेतला. सायकलच्या दांडीला अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा भारा बांधलाय, कॅरिअरवर चपट्या वायरचं वेटोळं. आजी त्याला पहिल्यापासून ‘मिस्त्री’ म्हणते आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

नळ्या तो अंगणात मांडतो. तुम्ही वाकून पाहा, कारण हे पुन्हा जवळून दिसायचं नाही. नंतर सगळं आभाळात जाणार आहे. एक मधली दांडी आणि तिच्यावर आडव्या चार काड्या. सगळ्यात मागची सगळ्यात लांब, पावणेआठ फुटांची. तिला तो ‘रिफ्लेक्टर’ म्हणतो. तिच्यापुढे सव्वासात फुटांचं लांबट, चपटं कडं, खालच्या बाजूला मधोमध तुटलेलं: हा ‘डायपोल’. वायर फक्त यालाच लागते. पुढच्या दोन काड्या ‘डायरेक्टर’, आणि त्या थोड्या थोड्या आखूड होत जातात. त्यांना वायर नाही, वीज नाही, काही नाही. मुंबईहून येणारी लहर डायपोलकडे ढकलायची, एवढंच त्यांचं काम. मागची लांब काडी पुढे निसटलेली लहर परत फिरवते आणि मागून येणाऱ्याला अडवते.

‘‘एवढ्या लांब कशाला?’’ बाळू विचारतो. बाळू म्हणजे दादांचा धाकटा, सहावीतून सातवीत गेलेला. ‘‘थोड्या कापल्या तर हलका नाही होणार?’’

‘‘काप. मग मुंबई सोडून भलतंच काही लागेल.’’

हिशेब साधा आहे. मुंबई दूरदर्शन चॅनल चारवर आहे, म्हणजे 61 ते 68 मेगाहर्ट्झ. त्या लहरीची लांबी साडेचार मीटरहून थोडी जास्त, आणि डायपोल लागतो तिच्या निम्म्याहून किंचित कमी. पाच ते बारा चॅनलची केंद्रं बरीच वरच्या लहरींवर असतात. त्यांच्या काड्या तीन फुटांच्या आतच येतात. म्हणून या काळात कुठल्याही गावात शिरलात तर आधी कौलांवरच्या काड्यांची लांबी बघा. ते घर कोणत्या केंद्राकडे डोळे लावून बसलंय ते रस्त्यावरूनच कळतं. मेकॅनिकला मेगाहर्ट्झ पाठ आहेत, पण तो हिशेब टेपवर करतो. दुकानातून तयार आलेल्या काड्या पुन्हा मोजतो, एकीवर पेन्सिलीनं खूण करतो आणि कानसीनं अर्धा इंच कमी करतो.

ही रचना जपानची. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात 1926 साली शिंतारो उदा यांनी ती घडवली. त्यांचे प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी ती इंग्रजीतून जगापुढे मांडली आणि नाव यागींचंच जास्त झालं. मायदेशात तिची कदर इतकी कमी होती की, दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर सापडलेल्या एका ब्रिटिश वहीत ‘यागी’ वाचून जपानी अधिकाऱ्यांनी हे काय म्हणून कैद्यालाच विचारलं, असं सांगतात. नागावच्या अंगणात या दोघांचं नाव कुणी घेत नाही. आजी काड्यांकडे पाहून एवढंच म्हणते, ‘‘सुरमईचा काटा दिसतोय मेला.’’

आता जागा. दादांचा विचार असा की वाडीत माड आहेतच. नारळ पाडणाऱ्याला वर चढवावा आणि सगळ्यात उंच माडाच्या शेंड्याला अँटेना बांधून टाकावा. पाइपाचा खर्च वाचतो. मेकॅनिक मान वर करून माडाकडे पाहतो. वारं पडलेलं आहे तरी शेंडा हलतोय.

‘‘दादा, हा आत्ता एवढा हलतोय. मृगात काय करेल? माड डोलला की चित्रही डोलणार.’’

झालं, पाइपच. वीस-वीस फुटांचे दोन जी.आय. पाइप, एक दीड इंची आणि एक त्यात जेमतेम बसणारा. एकात एक चार फूट सरकवून बोल्ट आवळले की छत्तीस फूट. कौलांवर पाय कुठं द्यायचा हे ठाऊक नसलेल्या माणसानं वर चढायचं नसतं. मंगलोरी कौल रिपेवर पाय पडला तर धरतं, मध्ये पडला तर फुटतं, आणि फुटलेल्या एका कौलाची आठवण पावसाळाभर माजघरात ठिबकत राहते. म्हणून पाइप छपरावर रोवायचा नाही. तो जमिनीवरून, घराच्या बाजूनं, वळचणीला लागून वर न्यायचा. बुडाला एक सपाट दगड. वाशाला लोखंडी पट्टी, आणि वर तीन दिशांना ताण.

उंचीची एवढी हौस कशाला? वरळीचा मनोरा सुमारे तीनशे मीटर उंच आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या उंचीवरून निघालेली लहर सत्तरेक किलोमीटरवर जमिनीला टेकते आणि त्यापुढे डोक्यावरून निघून जाते. नागाव ते वरळी सरळ रेषेत पंचेचाळीसच्या आसपास भरेल. रस्त्यानं पेण-पनवेलचा वळसा घालून मुंबई शंभराच्या घरात जाते, पण लहरीला पेण लागत नाही. ती अलिबागवरून, थळच्या बाजूच्या समुद्रावरून थेट येते. तेव्हा अंतराची अडचण नाही. अडचण आहे ती हिरव्या भिंतीची. छत्तीस फूट म्हणजे सुपारीच्या शेंड्यांच्या थोडं खाली, पण उत्तरेला शेजाऱ्यांच्या विहिरीपाशी झाडी विरळ आहे. मेकॅनिक त्याच फटीच्या रेषेत दगड ठेवतो.

दादांनी लॅमिंग्टन रोडवरून एक बूस्टरही आणलाय. दुकानदारानं गळ्यात मारलेला. मेकॅनिक खोका उघडतो, बघतो, बंद करतो.

‘‘राहू द्या. हा टीव्हीपाशी लावायचा प्रकार आहे. वरून कचरा आला तर कचराही मोठा करतो. इथं नको.’’

आपल्या आठवणींमध्ये अँटेना म्हटलं की एकच दृश्य उरलंय: कुणीतरी छपरावर, कुणीतरी खाली, आणि गल्लीभर ‘आलं’, ‘गेलं’. ऐंशीच्या दशकावरचा प्रत्येक लेख तिथंच रेंगाळतो. मला त्याचा थोडा कंटाळा आलाय. त्या आरडाओरड्याच्या आधी हे सगळं होतं, आणि नीट केलेल्या कामात आरडाओरडा होतही नसे. तो बहुतेक जोड सैल राहिल्याचा आवाज असे.

जोड कसा करतात ते पाहा. वायर चपटी, दोन तांब्याच्या तारा आणि मधे प्लास्टिकची पट्टी: तीनशे ओहमची. मेकॅनिक तिची टोकं सोलतो, त्यांना कथिल चढवतो. डायपोलच्या तुटलेल्या टोकांवर स्क्रू आहेत. तांबं थेट अॅल्युमिनियमला टेकवायचं नाही. मधे वायसर. ‘‘खारं वारं आहे,’’ तो म्हणतो. तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना भिडले आणि त्यावर खारी दमट हवा बसली की अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडायला लागतं. देशावर जो जोड पाच वर्षं टिकतो तो इथं दोन पावसाळ्यांत जातो. स्क्रू आवळून झाल्यावर वर बोटानं ग्रीस, आणि ग्रीसवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळलेली. ही पट्टी तो घरून कापून आणतो. मग पाइपाच्या वरच्या तोंडात लाकडी बूच ठोकतो, नाहीतर पाइपात पाणी साठतं आणि वाऱ्यावर रात्रभर पावा वाजत राहतो.

वायर खाली आणतानाही ती पाइपाला चिकटू द्यायची नाही. हात हात अंतरावर लहान दांड्या, त्यांच्या टोकाला प्लास्टिकच्या खाचा, त्यातून वायर ओवलेली, आणि मधूनमधून तिला पीळ. पिळामुळे आजूबाजूचा विजेचा कचरा दोन्ही तारांत सारखा शिरतो आणि एकमेकांना मारतो. शिवाय सपाट वायर वाऱ्यावर फडफडते, पिळलेली कमी. तुमच्या हातात पक्कड आहे. पीळ तुम्ही द्या. उलटसुलट नको, एकाच दिशेनं.

उभं करण्याची वेळ येते तेव्हा मेकॅनिक आधी वर पाहतो. घराकडे येणाऱ्या विजेच्या तारा पूर्वेला आहेत. पाइप आडवा ठेवून तो पावलं मोजतो: बुडाच्या दगडापासून तारांपर्यंत पाइपाच्या लांबीहून जास्त अंतर हवं, म्हणजे पडला तरी तारांवर पडायचा नाही. भरतं. मग दादा बुडाला पाय लावून, दोघे ताणांवर, तुम्ही आणि नारळ पाडणारा मधे खांदा देऊन. पाइप अर्ध्यावर असताना सगळ्यात जड लागतो. त्याच्या पुढे तो स्वतःच उठतो. ‘‘ताण! पश्चिमेचा ताण!’’ एवढा एकच आवाज मेकॅनिकनं दिवसभरात चढवलेला. तीन तारा तीन दिशांना बांधल्या जातात. एक अंगणातल्या खुंटीला, एक रहाटाच्या खांबाला, एक वाशाला. पाइपाच्या बुडातून एक जाड तार रहाटाच्या पाटाकडे नेऊन ओल्या जमिनीत पुरलेल्या सळईला जोडतात, वीज पडली तर तिला वाट म्हणून.

बारा वाजले. चित्र बघायचं? नाही बघता येणार. दुपारी केंद्र बंद असतं. चोवीस तास काहीतरी चालू असलेल्या जगातून आलेल्या तुम्हाला हे पचायला जड जाईल, पण सेट लावलात तर पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि खर्रर आवाज. दिवसभर राबून बसवलेली वस्तू चालते की नाही, हे संध्याकाळशिवाय कळणार नाही. मेकॅनिक म्हणूनच सकाळी आला: उजेडात काम करायचं, आणि केंद्र सुरू झाल्यापासून अंधार पडेपर्यंतच्या तासाभरात ते जुळवायचं. आज जुळलं नाही तर त्याला उद्याची पुन्हा खेप.

फणसाची भाजी, आमटी, भात, आंबा. मेकॅनिक ओटीवर उशाला पिशवी घेऊन झोपतो. मधे तासभर लाइट जातात आणि येतात, त्याचं कुणालाच नवल नाही.

दुपार उलटली तशी माणसं जमायला लागतात. शेजारच्या वाडीतल्या काकू, त्यांच्या लेकी, शाळेतले गुरुजी, खालच्या आळीतली पोरं. आज शनिवार, संध्याकाळी मराठी सिनेमा. यातल्या काहींनी गिरगावात नाहीतर दादरला नातेवाइकांकडे दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ पाहिलेला आहे आणि त्यांना त्या जोरावर बोलायचा अधिकार आहे. बाकीचे ऐकतात.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण ती या लोकांना अजून ठाऊक नाही. याच वर्षी देशभर छोटी छोटी प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभी राहतायत. उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम घ्यायचा आणि गावाभोवती पसरायचा. त्यामुळे महाराष्ट्राच्या आतल्या कितीतरी गावांत टीव्ही येईल तो आधी दिल्लीची हिंदी घेऊन. मराठी बातम्या, मराठी नाटक पाहायचं तर मुंबई-पुण्याची लहर ओढता आली पाहिजे. अष्टागराला ती घरबसल्या मिळते, कारण मधे समुद्र आहे. समुद्रानं या गावांचं इतर नुकसान काय केलं असेल ते असो.

संध्याकाळ. बाळू सेटचा खटका ओढतो. नळी तापायला थोडा वेळ लागतो. आधी आवाज येतो, मग उजेड. मुंग्या. मुंग्यांतून एक वर्तुळ, चौकटी, पट्ट्या: केंद्राची चाचणीची तबकडी. ओटीवर एकदम गलका होतो आणि मेकॅनिक बाहेरून ओरडत नाही, आत येतो.

‘‘बोलायचं एकानंच. आलं-गेलं मला नको. तीनच शब्द: मुंग्या, डबल, स्वच्छ. काय दिसतं ते सांगायचं, बरं-वाईट सांगायचं नाही.’’

काम बाळूला मिळतं. मेकॅनिक पाइपाच्या बुडाशी उकिडवा बसून मोठ्या पान्यानं पाइप फिरवायला लागतो. वर छत्तीस फुटांवर काड्या वळतात. तुम्ही खिडकीशी उभे. बाळूचा शब्द बाहेर पोचवायचा तुमचा वाटा.

मुंग्या. मुंग्या. मुंग्या कमी. अँटेना उत्तरेकडे, किंचित वायव्येला, म्हणजे अगदी वरळीकडे तोंड करून येतो आणि मुंग्या जवळजवळ जातात. गुरुजी टाळी वाजवणार इतक्यात बाळू म्हणतो, ‘‘डबल.’’

खरंच डबल. तबकडीच्या प्रत्येक उभ्या रेषेच्या उजव्या अंगाला, दोन-अडीच सेंटिमीटरवर, तिची फिकट सावली. गुरुजींना वाटतं, सेटच खराब. सेट चांगला आहे. लहर दोन वाटांनी येतेय: एक सरळ, एक डोंगरावर आपटून. पडद्यावरचा ठिपका डावीकडून उजवीकडे एक ओळ रंगवतो ती सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी बावन्न भागांत. डोंगरावरून येणारी लहर किलोमीटरभर जास्त चालून आली तर तिला तीनेक भाग उशीर होतो. तेवढ्यात ठिपका अडीच सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो आणि तेच चित्र तिथं पुन्हा उमटतं. म्हणजे सावलीचं अंतर फूटपट्टीनं मोजलं तर डोंगराचा वळसा किती हे ओटीवर बसून सांगता येतं. मेकॅनिक मोजत नाही. तो ईशान्येकडे बघतो आणि म्हणतो, ‘‘कनकेश्वराच्या डोंगरावरनं येत असावं.’’

आणि मग तो करतो ते पाहण्यासाठी तुम्हाला इथवर आणलंय. तो अँटेना मुंबईवरून काढतो. पान्याच्या एका झटक्यात पश्चिमेकडे, समुद्राकडे. दादा कळवळतात, ‘‘अहो, मुंबई इकडं!’’

‘‘मुंबई जोरात आहे, थोडी कमी आली तर चालेल. डोंगर बंद व्हायला पाहिजे.’’

या काड्यांना समोरचं दिसतं, कडेचं कमी कमी होत जातं. सरळ मुंबईकडे तोंड केलं की डोंगरही नजरेच्या टप्प्यात राहतो. तोंड जरा समुद्राकडे वळवलं की मुंबई थोडीशी मंद होते, पण डोंगर पार कडेला जाऊन पुसट होतो. मुंग्या किंचित वाढतात, सावली विरते. बाळू पडद्याला नाक लावून बसलाय. ‘‘डबल... थोडं डबल... मुंग्या थोड्या...’’ मग बराच वेळ तो काही बोलत नाही. ‘‘स्वच्छ.’’

मेकॅनिक बोल्ट आवळतो. नागावातल्या या अँटेनाचं तोंड आता मुंबईकडे आहे, पण जरा तिरकं. आणि येणारा-जाणारा प्रत्येक शहाणा दादांना सांगणार आहे की तुमचा चुकीचा बसलाय.

शेवटची खोडी वायरीची. खिडकीपाशी बाळूनं वायर हातात धरली की चित्र उजळतं, सोडली की जरा मळकट होतं. माणसाचं अंग वायरीजवळ आलं की तिचा विद्युत हिशेब बदलतो. बाळू रोज संध्याकाळी वायर धरून बसायला तयार आहे. मेकॅनिक गुरुजींकडे सिगारेटचं पाकीट मागतो, आतली चांदी काढतो, तिची दोन बोटं रुंद पट्टी वायरीभोवती गुंडाळतो आणि ती वर-खाली सरकवत राहतो. एका जागी चित्र बाळूच्या हाताइतकंच उजळतं. तिथं दोरा बांधतो. सबंध कामातला हा एकमेव फुकटचा सुटा भाग.

आता दूरदर्शनची ती धून वाजते आणि डोळ्यासारखं चिन्ह फिरत फिरत जुळतं. आजी पदर सावरते. सिनेमा कोणता, कसा, त्याचं मला सांगायला फारसं काही नाही. ओटी, पडवी आणि अर्धं अंगण भरलंय, दादा उभे आहेत, वहिनींना स्वयंपाकघरातून फक्त आवाज ऐकू येतोय आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तुम्ही जरा सरका आणि त्यांना जागा करून द्या.

रात्री सगळे गेल्यावर बाळू चॅनलचा खटका उगाच फिरवतो. चारवरून तीन, तीनवरून दोन. आणि मुंग्यांतून एक माणूस दिसतो. कोट, टाय, मागे उर्दू अक्षरं. चित्र येतं, लाटेसारखं जातं, परत येतं. आवाज नाही.

‘‘पाकिस्तान!’’ बाळू ओरडतो.

तो चेष्टा करत नाहीय. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर गरम कोरड्या हवेचा थर दमट हवेवर पसरतो आणि काही लहरी त्याच्याखाली कोंडून हजार-हजार किलोमीटर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर याच दिवसांत हजार मैलांहून लांबचा अरबस्तानचा किनारा उमटला होता. खालच्या चॅनलच्या लहरी तर कधी कधी शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावरून परतूनही येतात, तेही मुख्यतः मे ते जुलैत. यातलं आज कोणतं, ते दादांच्या ओटीवरून सांगता येणार नाही. मेकॅनिकनं डोंगर चुकवायला अँटेनाचं तोंड समुद्राकडे वळवलं, त्याचाही यात हात असेल. मुंबईत आणि किनारपट्टीत बऱ्याच घरांनी अशा मे महिन्यांत शेजारच्या देशाच्या मालिका पाहिल्या, व्हिसा न काढता.

आता वर्षं भराभर जाऊ द्या. पुढच्या वर्षी मुंबईला दुसरी वाहिनी येते आणि मेकॅनिकला पुन्हा बोलावणं जातं. जानेवारी 1987 मध्ये रविवारच्या सकाळी ‘रामायण’ सुरू होतं आणि पडवी पुन्हा भरते. दोनदा ताण तुटतात, एकदा पाइप वाकतो. सायकलच्या ट्यूबखालचा जोड मात्र टिकतो. 1992 साली झी टीव्ही येतो, मग गावात केबलवाला, आणि एका दिवाळीत चपटी वायर खिडकीतून बाहेर फेकली जाते. अँटेना वरच राहतो. उतरवायला कुणाला वेळ असतो? प्रसार भारतीनं जुनी अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं मार्च 2022 पर्यंत बहुतेक सगळी बंद केली. आता त्या काड्यांना पकडायला काही उरलेलं नाही.

तरी त्या पुष्कळ घरांवर अजून आहेत. तुमच्याही गावच्या घरावर असेल तर येत्या पावसाळ्याआधी उतरवून घ्या. पाइप बुडाशी गंजलेला असतो, ताण केव्हाच गेलेले असतात, आणि 1984 साली लांब असलेल्या विजेच्या तारा मधल्या काळात जवळ आलेल्या असतात. म्हणून आधी तारांपर्यंत पाइपाच्या लांबीहून जास्त अंतर भरतं का ते पावलांनी मोजा. भरत नसेल तर महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या, आणि मगच पाइपाला हात लावा. एकट्यानं करू नका. चार माणसं लागतात.